पडद्याच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा धावेपर्यंत

उजव्या डोळ्यात विजेसारखे लखलखाट, मग काळे ठिपके आणि अखेर एका बाजूने सरकत येणारी सावली, अशा क्रमाने माझ्या डोळ्याच्या आतला, प्रकाश टिपणारा पडदा जागेवरून सुटला. शस्त्रक्रियेत डोळ्यातील जेलीसारखा द्रव काढून, पडद्याला पडलेल्या छिद्राभोवती लेझर करून, पडदा जागेवर दाबून धरण्यासाठी आत वायूचा बुडबुडा सोडला गेला. सुरुवातीचे दिवस मान खाली घालून काढले, त्याबद्दल अधिक सांगण्यासारखे नाही.

खरी परीक्षा त्यानंतर होती, कारण शरीर ठणठणीत होते आणि रोज धावण्याची सवय स्वस्थ बसू देत नव्हती. मी डॉक्टरांना विचारले, तेव्हा त्यांनी बुडबुड्याकडे लक्ष ठेवायला सांगितले. काही दिवसांनी नजरेच्या वरच्या भागात एक आडवी रेषा दिसू लागली. तिच्यावर स्वच्छ, खाली धूसर, आणि चालताना ती भांड्यातल्या पाण्यासारखी हिंदकळे. वायू जसा विरत गेला तशी रेषा खाली उतरत गेली. तो पूर्ण जाईपर्यंत विमानप्रवास आणि उंच घाट वर्ज्य होते, कारण उंचीवर हवेचा दाब कमी होताच वायू प्रसरण पावतो, डोळ्यातील दाब वाढतो आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. ही सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती पाळायची असताना डोळा दुखत नसतो.

सपाट रस्त्यावर सावकाश चालणे मात्र लवकर सुरू झाले. एका डोळ्याने खोलीचा अंदाज येत नसल्यामुळे पायऱ्या उतरताना मी कठडा धरत असे. तिसऱ्या आठवड्यात मात्र भरलेली बादली श्वास रोखून उचलली आणि लगेच घाबरून दवाखाना गाठला. इजा झाली नव्हती, पण श्वास कोंडून जोर लावल्यास शिरांमधील दाब वाढून डोळ्यात रक्तस्राव होऊ शकतो, हे तेव्हा नीट समजले. म्हणून वजने आणि शीर्षासन सर्वांत शेवटी ठेवले. पोहणेही जंतुसंसर्गाच्या भीतीने लांबवले.

बुडबुडा काळ्या मण्याएवढा होऊन नाहीसा झाल्यावर तपासणी झाली आणि धावण्याची परवानगी मिळाली. पहिल्या दिवशी दहा मिनिटेच धावले. आता बूट घालण्यापूर्वी रोज एकेक डोळा झाकून समोरच्या भिंतीकडे पाहते. नवे ठिपके, लखलखाट किंवा सावली दिसली, तर त्या दिवशी धावायचे नाही, थेट डॉक्टरांकडे जायचे.