पीओपीच्या वरचा डबा

डोंबिवलीतली पंचवीसेक वर्षांची इमारत. रिसेलचा फ्लॅट, ताजा रंग, बाथरूम आणि पॅसेजला पीओपी. राहायला येऊन महिना होत नाही तोच पॅसेजच्या छताला पिवळा डाग. एप्रिल महिना, त्यामुळे पावसावर ढकलायची सोय नव्हती.

सेक्रेटरींचा निकाल तयार होता: वरच्या आजींचं बाथरूम फोडा. आतली गळती असली तर खर्च त्या फ्लॅटवाल्याचा, हा नियम सोसायटीत सगळ्यांना पाठ. गळती नक्की कुठली, हे बघायला मात्र कुणी शिडीवर चढत नाही. गळती शोधायला मी पोचलो तोवर नव्या मालकांचं आजींशी वाजलंही होतं.

आजींच्या नहाणी ट्रॅपला बूच मारून बाथरूममध्ये रंगीत पाणी भरलं, ४८ तास ठेवलं. आजी अंघोळीला शेजारी. खाली थेंब नाही. मग खालच्याच फ्लॅटच्या लाइनला टेस्टिंग पंप लावला, दाबाचा काटा पाच किलोवर नेला. चहा येईपर्यंत काटा साडेतीनवर.

बाथरूमचा एलईडी पॅनल उतरवून भोकातून हात घातला, तर बोटं पाण्यात. पीओपीच्या चॅनेलवर श्रीखंडाचा अर्ध्या किलोचा डबा, काठोकाठ भरलेला. वर गीझरच्या जीआय, म्हणजे लोखंडी लाइनचा गंजका एल्बो; त्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी, पट्टीवर एम-सील, त्यावर आणखी एम-सील. पॅनलच्या क्लिपा पार सैल. म्हणजे जुने मालक अधूनमधून पॅनल काढून डबा ओतत होते.

नव्या मालकांच्या वकिलाने सांगितलं, इमारत रेरा या घरखरेदीच्या कायद्याच्या आधीची, बिल्डरची पाच वर्षांची जबाबदारी इथे नाही. पण १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ आहे: विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत न दिसणारा मोठा दोष सांगावाच लागतो. रिपोर्टमध्ये 'मुद्दाम लपवलं' असं लिहा म्हणाले. मी लिहिलं नाही. डबा कुठे होता, किती भरला होता, एम-सीलचे थर किती, एवढंच लिहिलं. इतकी वर्षं डबा ओतणाऱ्याला ते तुळशीला पाणी घालण्यासारखं झालं असेल. दोष म्हणून आठवलाही नसेल. पण मग डागाजवळचा रंग खरवडल्यावर खाली डॅम्पप्रूफ कोटचे दोन हात निघाले, ते कशाला?

एल्बो एकटा बदलून भागण्यासारखं नव्हतं, पूर्ण लाइन सीपीव्हीसीची, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लॅस्टिकची टाकली. काटा रात्रभर हलला नाही.

निघताना आजींनी जिन्यात गाठलं. "माझं बाथरूम फोडायचे किती घेणार होतात?"

आकडा सांगितला.

"लेटरहेडवर लिहून द्या. सेक्रेटरीला दाखवायचाय."