शेवटच्या ‘एल्स’ने खाल्लेला दिवस

सकाळी वाटलं होतं, अर्ध्या तासाचं काम. जावात लिहिलेल्या ड्रॉइंगच्या प्रोग्रॅममध्ये वर्तुळ, चौकोन, रेघ होतेच. त्यात ‘मजकूर’ हा नवा प्रकार घातला. स्क्रीनवर झकास दिसला. पीडीएफ काढली तर मजकूर गायब! एरर नाही, काही नाही.

दुपारी सापडलं. ‘इन्स्टन्सऑफ’ची शिडी (वस्तू कोणत्या प्रकारची, हे एकामागून एक विचारणाऱ्या अटी) ७ ठिकाणी, मी ६ ठिकाणीच पायरी वाढवलेली. सातवीच्या तळाशी एक एल्स (कुठलीच अट जुळली नाही तर चालणारा भाग), गुपचूप नल, म्हणजे ‘काहीच नाही’, परत करणारा. (लिहिलेला मीच. दोन वर्षांपूर्वी.)

प्रत्येक प्रकाराच्या क्लासमध्ये त्या-त्या क्रियेची एक मेथड (ते काम करणारा कोड) टाकून भागलं असतं, पण वर्तुळाला पीडीएफशी काय देणंघेणं? म्हणून व्हिजिटर पॅटर्न लावला: सातही ठिकाणच्या क्रिया आपापल्या वेगळ्या क्लासमध्ये, त्या क्लासला म्हणायचं व्हिजिटर. वस्तू ‘अ‍ॅक्सेप्ट’मधून आपला प्रकार स्वतःच सांगते, व्हिजिटर त्या प्रकाराची मेथड चालवतो. व्हिजिटरच्या इंटरफेसमध्ये (प्रत्येक व्हिजिटरकडे असायलाच हव्यात अशा मेथडची यादी) मजकुराची मेथड टाकताच कंपायलरने, म्हणजे कोड चालण्याआधी तपासणाऱ्या प्रोग्रॅमने, ७ लाल रेघा ओढल्या. एरर बघून इतका आनंद कधी झाला नव्हता!

आता नवी क्रिया म्हणजे एक नवा क्लास, बस. नवा प्रकार आला की मात्र सगळे व्हिजिटर उघडत बसा. जावा २१ असती तर सील्ड इंटरफेस (ज्याचे प्रकार आधीच ठरलेले) आणि स्विच (प्रकारानुसार वाट निवडणारा) यांच्यावर काम झालं असतं, पण आमचं घोडं अजून ८ वरच अडलंय.