चेंडू सोडून ७५ नंबर बघायला शिकलो

अमेरिकेत कोलंबसला, ओहायो स्टेट विद्यापीठात शिकायला आलो तेव्हा अमेरिकन फुटबॉलमधलं मला काही कळायचं नाही. शनिवारी सगळं गाव लाल कपड्यांत स्टेडियमकडे निघायचं, मीही जायचो. पण बावीस जण एकमेकांवर आदळले की पुढचं सगळं डोक्यावरून जायचं. लॅबमधल्या एका सीनियरने उपाय सांगितला: चेंडू बघूच नकोस. ओहायो स्टेटच्या १९९५ आणि १९९६ च्या जुन्या मॅचेस लाव आणि फक्त ७५ नंबरचा ऑर्लँडो पेस बघ.

पेस लेफ्ट टॅकल, म्हणजे चेंडू असलेल्या संघाच्या पुढच्या रांगेत, 'लाइन'मध्ये, डावीकडचा गडी. उंची सहा फूट सात इंच, वजन सव्वातीनशे पौंडांच्या आसपास. क्वार्टरबॅक म्हणजे पास फेकणारा; उजव्या हाताने फेकणारा असेल, तर तो पास द्यायला वळला की डावीकडे त्याची पाठ होते. तिकडून अंगावर येणाऱ्याला थोपवायचं, हे पेसचं काम. या जागेवर खेळणाऱ्याच्या नावावर ना यार्ड (चेंडू पुढे नेलेलं अंतर) लागतात, ना टचडाऊन (गोलसारखे गुण).

शाळेत कबड्डी खेळताना चढाई करणाऱ्याच्या पायांवर नजर ठेवायची सवय लागली होती, ती इथे कामी आली. एकेक चाल स्लो करून परत परत बघितली. चेंडू हलला की पेसचा डावा पाय तिरका मागे सरकतो, पाठोपाठ उजवा, जमिनीलगत. कंबर खाली, पाठ ताठ. समोरचा बाहेरून वळसा घालू बघतो, तरी पेस घाई करत नाही. टप्प्यात आला की दोन्ही तळवे थेट त्याच्या छातीवर. तो गडी धावतच राहतो, पण क्वार्टरबॅकच्या मागून भलतीकडेच निघून जातो. एवढ्या मोठ्या देहाची इतकी हलकी पावलं मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाहीत.

धावण्याच्या चालीत तो पुढे झेपावतो. समोरच्याला उताणा पाडला की झाला 'पॅनकेक'. १९९६ मध्ये हाइझमन ट्रॉफीसाठी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्कारासाठी, त्याचा प्रचार करायला विद्यापीठाने पॅनकेकच्या आकाराचे मॅग्नेट वाटले होते! तो चौथा आला. आदल्या वर्षी त्याच्याच संघातल्या एडी जॉर्जने चेंडू घेऊन १,९२७ यार्ड धावून हाइझमन जिंकली, तेव्हा त्याला वाट करून देणाऱ्यांत पेस होता. निदान अर्धं श्रेय लाइनचं, असं माझं ठाम मत आहे.

कॉलेज फुटबॉलमधला लोम्बार्डी पुरस्कार दोनदा जिंकणारा तो पहिलाच. १९९७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात तेव्हा, सेंट लुइस रॅम्सने त्याला सगळ्यांत आधी निवडलं, २०१६ मध्ये तो व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत गेला.

आता स्टेडियममध्ये लाइन मागे सरकली की पास, पुढे झेपावली की धाव, हा अंदाज चेंडू दिसण्याआधीच येतो. पेसच्या त्या दोन वर्षांतल्या मिशिगनविरुद्धच्या मॅचेस मात्र अजून शेवटपर्यंत बघवत नाहीत. दोन्ही आपण हरलो.