बसते का बघू

ड्रॉवर आवरताना जुनी अंगठी सापडली आणि सहज म्हणून बोटात सरकवली. जाताना तिने काहीच कुरकुर केली नाही. काढायला गेले तर मधल्या पेरापाशी अडून बसली.

मग मी तेच केलं जे अशा वेळी कुणीही करतं: ओढलं. कपाट सरकवताना खालची सतरंजी गोळा व्हावी तशी कातडी अंगठीपुढे गोळा झाली. ओढाओढीने बोट सुजतं, हे तेव्हा कुठे सुचायला! दाबाखाली आधी दबतात त्या शिरा, म्हणजे परतीची वाट. रक्त आत येत राहतं आणि आतच तुंबतं. पाच मिनिटांत बोटाचं गाजर झालं.

साबण लावला. अंगठी जागच्या जागी मजेत गोल फिरली, वर मात्र सरकेना. मग बोट गार पाण्यात बुडवलं आणि सूज उतरावी म्हणून हात डोक्याच्या वर धरून दहा मिनिटं बसले. आई दारातून म्हणाली, "उत्तर येतंय वाटतं?"

प्रकार कळल्यावर ती शिवणाचा डबा घेऊन आली. दोऱ्याचं एक टोक सुईच्या नाक्याने अंगठीखालून तळहाताच्या बाजूला काढलं. उरलेला दोरा अंगठीला लागूनच गुंडाळायला सुरुवात केली, नखाच्या दिशेने, वेढ्याला वेढा चिकटवून, पार पेराच्या पुढपर्यंत. "दुखतंय गं!" "दुखू दे थोडं." त्या घट्ट वेढ्यांनी सुजेचं पाणी मागे रेटलं जातं आणि पेरावरची कातडी दबून गुळगुळीत होते. मग तळहाताकडचं टोक धरून तिने नखाच्या दिशेने दोरा उलगडायला घेतला. एकेक वेढा सुटला की अंगठी पुढच्या वेढ्यावर चढायची. पेरावर मी डोळे मिटले. उघडले तेव्हा अंगठी आईच्या हातात होती.

हे सगळं बोट धडधाकट असेल तर. हाड मोडल्याची शंका असेल, बोट निळं किंवा बधिर पडत असेल, तर दोऱ्याच्या नादी न लागता तडक दवाखाना गाठावा. तिथे अंगठीखाली पातळ पट्टी सरकवून वरून इवल्याशा गोल करवतीने ती कापतात. सोन्याची असेल तर नंतर झाळून जोडून मिळते. टंगस्टन कार्बाइडची मात्र करवतीला दाद देत नाही. ती पकडीत आवळून फोडावी लागते. हे वाचल्यापासून दणकट दागिन्यांबद्दलचं माझं मत जरा बदललंय.

बोटावरचा वळ संध्याकाळपर्यंत गेला. अंगठी परत ड्रॉवरमध्ये टाकली. पण ठेवता ठेवता वाटलं, करंगळी बरीच बारीक आहे की.