ताश्कंद: भूकंपानंतर उभं राहिलेलं शहर

उझबेकिस्तानला जाणारी आपली बहुतेक माणसं ताश्कंदला विमानातून उतरतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी समरकंदची गाडी पकडतात. समरकंद-बुखाऱ्याचे निळे घुमट बघायचे सोडून सोव्हिएत काँक्रीट कोण बघत बसणार? मी बसले. ताश्कंदसाठी सवडीने वेळ काढला होता, आणि तो सगळा इमारती, स्मारकं आणि मेट्रो स्टेशनं बघण्यात गेला.

आपल्याला ताश्कंद आठवतं ते लालबहादूर शास्त्रींमुळे. जानेवारी १९६६ मध्ये पाकिस्तानशी करार झाला आणि त्याच रात्री त्यांचं इथे निधन झालं. शास्त्रींच्या नावाचा रस्ता आणि त्यांचा अर्धपुतळा शहरात आहे, तिथे मी जाऊन आले. शास्त्रींच्या निधनानंतर जेमतेम साडेतीन महिन्यांनी, २६ एप्रिलला पहाटे ५ वाजून २३ मिनिटांनी ताश्कंद हादरलं. धक्का मध्यम तीव्रतेचा होता, पण भूकंपाचं केंद्र शहराच्या बरोबर खाली आणि फार उथळ. जुन्या शहरातली मातीच्या विटांची घरं पडली, सुमारे तीन लाख लोक बेघर झाले. मग सोव्हिएत संघाच्या सगळ्या प्रजासत्ताकांमधून गवंडी, अभियंते आणि साहित्य येत राहिलं. आज आपल्याला दिसतं ते ताश्कंद बऱ्याच अंशी तेव्हा घडलं.

म्हणून सुरुवात १९७६ साली उभारलेल्या धैर्यस्मारकापासून करावी. शिल्पकार दिमित्री र्‍याबिचेव. काळ्या दगडाचा एक मोठा घन, मधोमध दुभंगलेला. एका अंगाला भूकंपाची तारीख, दुसऱ्या अंगाला घड्याळाची तबकडी, काटे भूकंपाच्या वेळेवर थांबलेले. घनाला गेलेला तडा तिथेच संपत नाही; तो फरसबंदीवर उतरतो आणि वेडावाकडा होत थेट कांस्यपुतळ्यांच्या पायांपर्यंत जातो. त्या तड्याच्या कडेकडेने मी हळूहळू चालत गेले. समोर मूल छातीशी धरलेली बाई आणि त्या दोघांना आपल्या अंगाचा आडोसा करून उभा राहिलेला पुरुष. आवळलेल्या मुठी आणि विजयाच्या आरोळ्या सोव्हिएत शिल्पांमध्ये खूप दिसतात. इथे तसलं काही नाही. ही माणसं घाबरलेली आहेत आणि शिल्पकाराने त्यांना घाबरू दिलंय. मला हे शिल्प त्यासाठीच मोठं वाटतं. शहर पुन्हा बांधणाऱ्यांची उठावचित्रं मागे आहेत. नवविवाहित जोडपी इथे फुलं वाहायला येतात.

सोव्हिएत इमारती म्हणजे एकसारखे करडे ठोकळे, ही समजूत ताश्कंदमध्ये टिकत नाही. इथल्या उन्हाळ्यात पारा चाळिशी पार करतो. त्यामुळे वास्तुकारांनी मध्य आशियातली जुनी जाळी उचलली आणि काँक्रीटमध्ये ओतली. १९७४ चं हॉटेल उझबेकिस्तान उघड्या पुस्तकासारखं वळलेलं आहे आणि त्याचा अख्खा दर्शनी भाग जाळीचा आहे. लेनिनच्या जन्मशताब्दीला, १९७० साली, बांधलेलं लेनिन संग्रहालय आता इतिहास संग्रहालय झालंय. पांढऱ्या जाळीने वेढलेली ती इमारत दुपारी बघावी. बाहेर डोळे दिपतात, आत मात्र ऊन गाळून आल्यासारखं मऊ पडतं. चोरसू बाजाराचा निळा घुमटही सोव्हिएत काळातलाच, हे कळल्यावर मी त्याच्याकडे पुन्हा नीट बघितलं. खाली मांस, वर गोल सज्ज्यात सुका मेवा, आणि मध्ये एकही खांब नाही.

आता मेट्रो. नोव्हेंबर १९७७ मध्ये सुरू झालेली, मध्य आशियातली पहिली. स्टेशनं अणुहल्ल्यात आसरा म्हणूनही वापरता यावीत अशी बांधलेली, त्यामुळे २०१८ पर्यंत आत फोटो काढायला बंदी होती. आता बिनधास्त काढा. पाख्ताकोर स्टेशनाच्या भिंतींवर कापसाची बोंडं आहेत, अलिशेर नवोई स्टेशनाच्या छताला मशिदीसारखे नक्षीदार घुमट. पण माझा जीव जडला तो कोस्मोनाव्हतलार, म्हणजे ‘अंतराळवीर’, या स्टेशनावर. हे १९८४ चं. त्याच वर्षी आपले राकेश शर्मा सोव्हिएत यानातून अंतराळात गेले. भिंतींचा निळा रंग गडद होत होत काळ्यात विरतो, आणि त्यावर गोल पदकांसारखी सिरॅमिक चित्रं: पहिला अंतराळवीर युरी गागारिन, अंतराळात गेलेली पहिली स्त्री वालेंतिना तेरेश्कोवा, आणि त्यांच्याच रांगेत समरकंदला वेधशाळा बांधणारा पंधराव्या शतकातला राजा उलुघ बेग. अंतराळाची गोष्ट मॉस्कोपासून नाही, स्वतःच्या मातीतल्या खगोलशास्त्रज्ञापासून सांगायची, हे या शहराने सोव्हिएत काळातच ठरवलं होतं. गाड्या येत राहिल्या, मी चित्रं बघत फलाटावरच थांबले.

रस्त्यावर चालताना निवासी इमारतींच्या बिनखिडक्यांच्या भिंतींकडे नजर ठेवा. झार्स्की बंधूंनी केलेली भव्य मोझाइकं तिथे सापडतात. कुणाच्या तरी वाळत घातलेल्या कपड्यांशेजारी चार मजली सूर्य आणि फुलं! साध्या सरकारी घरांना एवढा जीव ओतून सजवलेलं बघून मला फार बरं वाटलं.

लोकमैत्री प्रासाद या सोव्हिएत काळातल्या मोठ्या सभागृहासमोर शामाहमुदोव कुटुंबाचं शिल्प आहे. दुसऱ्या महायुद्धात ताश्कंदच्या या लोहाराने आणि त्याच्या बायकोने वेगवेगळ्या वंशांची डझनाहून जास्त अनाथ मुलं दत्तक घेतली. हे शिल्प २००८ मध्ये इथून हलवून शहराच्या कडेला नेलं होतं. काही वर्षांनी ते मूळ जागी परत आणलं. सगळ्यांचं नशीब असं नसतं. १९८२ चं ‘दोम किनो’ हे चित्रपटगृह नव्या बांधकामासाठी पाडून टाकलं. मोझाइकं असलेल्या घरांचीही दुरुस्ती आणि पाडापाडी चालू असते. तेव्हा समरकंदला जरूर जा, पण ताश्कंदला निदान दोन पूर्ण दिवस द्या. मेट्रोसाठी दुपारची वेळ निवडा, गर्दी कमी असते, आणि प्रत्येक स्टेशनावर उतरा.