साधी गाठ

सकाळी फॉर्मलिनच्या बाटलीत हरभऱ्याएवढा तुकडा आला. फॉर्मवर घाईघाईत खरडलेलं: "डोक्यावरची गाठ, साधीच वाटते." स्लाइड मायक्रोस्कोपखाली लावली आणि चहा तसाच निवला. वरची त्वचा धड, पण खाली भलत्याच पेशींचे पुंजके. या इथल्या नव्हेतच.

तुकडा पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन केला. आधी काही आजार? "हां, दोन वर्षांपूर्वी मूत्राशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय." हे फॉर्मवर लिहायला काय झालं होतं, देव जाणे! पेशी मूळच्या कुठल्या ते सांगणारे खास स्टेन करून घेतले. सीके-७, सीके-२०, गाटा-३, तिन्ही पॉझिटिव्ह. म्हणजे मूत्राशयाचाच कॅन्सर, डोक्यापर्यंत पोचलेला.

हा कॅन्सर पसरला की आम्ही लसिका गाठी, हाडं, फुप्फुसं, यकृत धुंडाळतो. त्वचा, स्नायू, हृदय ही आडवाटेची ठिकाणं. तिथं तो क्वचितच निघतो, आणि निघाला की बहुतेकदा उशीर झालेला असतो. काकांची बिडी चाळीस वर्षांची. लघवीतून रक्त जायचं, पण दुखत नव्हतं, म्हणून तेव्हा चार महिने अंगावर काढलेले.

संध्याकाळी काकू रिपोर्ट न्यायला आल्या. पाकीट न उघडताच पिशवीत ठेवलं आणि विचारलं, "डॉक्टर, टाके कधी काढायचे हो? यांना डोक्यावरून अंघोळ करायचीय."