किटमधलं हॉक: पेटीपासून टर्बाइन सुरू होईपर्यंत

रिमोटवर उडणारं मोठं टर्बाइन जेट मॉडेल किटवरून बांधताना मी मॅन्युअलमधल्या क्रमापेक्षा एक साधा क्रम पाळतो: जिथे नंतर हात पोचणार नाही, तिथलं काम आधी. पंख आधी करायचे की शेपटी, हे ज्याच्या त्याच्या सोयीवर. पण फ्यूजलाजचे (विमानाच्या धडाचे) दोन भाग कायमचे जोडले, की टाकीमागचा फॉर्मर (धडाला आतून आकार देणारी आडवी चौकट), शेपटीतली बेअरिंगं आणि एक्झॉस्ट पाइपचा मागचा आधार पुन्हा नीट दिसत नाहीत. तिथे काही चुकलं तर करवत घेऊन खिडकी कापावी लागते.

हे मॉडेल बीएई हॉक टी१ या ब्रिटिश प्रशिक्षण जेटचं, १:४.५ प्रमाणातलं. खऱ्या विमानाचा पंखविस्तार ९.३९ मीटर, म्हणजे मॉडेलचा जवळपास २.०९ मीटर. पेटीत फायबरग्लासचं फ्यूजलाज दोन तुकड्यांत, सीएनसीवर कापलेले प्लायचे फॉर्मर, फोमचे कोअर (आतले गाभे) आणि ते मढवायला बाल्सा या हलक्या लाकडाचे शीट. टर्बाइन, रिट्रॅक्ट (आत ओढली जाणारी चाकं), सर्व्हो (शेपटी, फ्लॅप हलवणाऱ्या छोट्या मोटरी), पाइप, टाकी सगळं वेगळं घ्यायचं, आणि हा खर्च किटच्या किमतीच्या कितीतरी वर जातो. इंजिन १४० न्यूटन गटातलं घेतलं, म्हणजे सुमारे १४ किलो थ्रस्ट (पुढे ढकलणारा जोर). इंधनाशिवाय वजन १६ किलोच्या आत ठेवायचं, हे पहिल्याच दिवशी ठरवलं. ड्रोन नियम २०२१ मध्ये मनोरंजनासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायच्या मॉडेलला २५ किलोची मर्यादा आहे. इंधन भरूनही आपण तिच्या बरेच आत राहतो.

पेटी उघडल्यावर प्रत्येक भाग वजनकाट्यावर ठेवून आकडा मास्किंग टेपवर लिहून त्याच भागाला चिकटवला. डावी आणि उजवी शेपटी, दोन्ही पंखांचे कोअर यांच्या वजनातला फरक इथेच कळतो आणि जड बाजूला कमी इपॉक्सी, हलका बाल्सा असा हिशेब आधीच जमवता येतो. शेपटीत वाढलेल्या १०० ग्रॅमसाठी नाकात तेवढंच, बहुतेकदा थोडं जास्तच, वजन घालावं लागतं.

फायबरग्लासला काही चिकटवायचं तर आतल्या पृष्ठभागाची तयारी हाच निम्मा सांधा आहे. भाग साच्यातून काढताना वापरलेलं मेण बाहेरून तर असतंच, पण हात लागून आतही पसरतं. आधी अॅसिटोनने पुसायचं, मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक पूर्ण जाईपर्यंत घासायचं, मग पुन्हा पुसायचं. क्रम उलटा केला तर घासताना मेण ओरखड्यांत भरतं. फॉर्मरसाठी मी हायसॉल ९४६२ हे इपॉक्सी वापरतो. घट्ट असल्याने उभ्या भागावर ओघळत नाही आणि सुकल्यावरही किंचित लवचिक राहतं, त्यामुळे धक्क्याने तडकत नाही. पाच मिनिटांचं इपॉक्सी या विमानात कुठल्याही भार घेणाऱ्या सांध्याला नको. एप्रिल-मेच्या उन्हात धावपट्टीवर उभ्या मॉडेलचं अंग चांगलंच तापतं आणि ते मऊ पडतं. पुण्यात हे काम जुलै-ऑगस्टमध्ये करणार असाल तर आणखी एक गोष्ट: दमट हवेत लॅमिनेटिंग इपॉक्सीवर मेणचट थर येतो. त्यावर पुढचा थर धरत नाही. कोमट पाण्याने आणि जाड घासणीने धुऊन, वाळवून, मगच पॉलिश पेपर.

फॉर्मर आधी कोरडेच बसवून घ्या. दोन्ही पंख जोडणारी नळी आरपार घालायची, दोन्ही पंख लावायचे आणि प्रत्येक पंखाच्या टोकापासून शेपटीच्या मधल्या खुणेपर्यंत न ताणणाऱ्या दोऱ्याने माप घ्यायचं. दोन्ही मापांत २ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर फॉर्मर कानशीने सैल करायचा, दाबून बसवायचा नाही. दाबून बसवलेला फॉर्मर फ्यूजलाजला पीळ देतो, आणि तो पीळ रंग दिल्यावरच डोळ्यांत भरतो.

हॉकची आडवी शेपटी पूर्ण फिरणारी आहे आणि खाली झुकलेली. माझ्या मते या विमानातला सगळ्यात धोक्याचा भाग हाच. एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी मागची पट्टी) वेगळा नसल्याने संपूर्ण पृष्ठभाग एका नळीवर आणि एका सर्व्होवर तोललेला असतो. जराशी ढिलाई असली की वेगात फडफड सुरू होते आणि काही क्षणांत शेपटी उखडते. म्हणून इथे प्रत्येक बाजूला स्वतंत्र सर्व्हो, निदान २५ किलो-सेंमीचा, धातूच्या गिअरचा. आर्म अॅल्युमिनियमचा, शेपटीला जोडणारा दांडा ३ मिमीचा आणि जितका आखूड ठेवता येईल तितका. दोन्ही टोकांना बॉल लिंक (गोळीवर फिरणारा सांधा), आणि ती दोन्ही बाजूंनी पकडलेली. एका बाजूने लटकलेला बॉल भाराखाली वाकडा होतो. बेअरिंगं बसवताना १० मिमीची नळी दोन्हींतून घालूनच इपॉक्सी लावायचं, म्हणजे ती एका रेषेत सुकतात. सर्व्हो चालू ठेवून शेपटीचं मागचं टोक दोन बोटांत धरून वर-खाली हलवायचं: तिथे १ मिमीपेक्षा जास्त खेळ चालणार नाही. जास्त असेल तर आधी आर्मचं भोक बघा, मग बेअरिंगची बैठक, शेवटी सर्व्होचे गिअर. दहातल्या आठ वेळा आर्मचं भोकच मोठं झालेलं सापडतं.

पंख मढवणं तुलनेने शांत काम. १.५ मिमीचा बाल्सा कडेला कड जोडून मोठा शीट करायचा, लॅमिनेटिंग इपॉक्सी शीटला लावून जुन्या एटीएम कार्डाने जवळपास सगळं खरवडून काढायचं आणि कोअर ज्या फोमच्या ठोकळ्यातून कापला त्याच ठोकळ्यात परत ठेवून वर सपाट वजन ठेवायचं. फोमजवळ सायनो (झटपट चिकटणारा सुपरग्लू) नको, तो पॉलिस्टायरीन खाऊन टाकतो. चाकांच्या जागी ६ मिमी बर्च प्लाय, आणि तो नुसत्या फोममध्ये न बसवता मुख्य स्पारला (पंखातल्या लांब तुळईला) टेकवून, कार्बनच्या धाग्याने बांधून. उतरतानाचा धक्का फोमला पेलत नाही, तो स्पारपर्यंत पोचलाच पाहिजे. वरून चौरस मीटरला २५ ग्रॅमचं काचकापड.

फ्लॅपच्या (पंखामागच्या, खाली येणाऱ्या पट्टीच्या) सर्व्होची जोडणी मात्र विचार करून करावी. फ्लॅप पूर्ण ५० अंश खाली असताना सर्व्होचा आर्म आणि दांडा जवळपास एका सरळ रेषेत आले पाहिजेत. मग हवेचा दाब आर्मच्या अक्षावर येतो, गिअरवर येत नाही, आणि बॅटरीवरचा ताणही कमी होतो. टेकऑफसाठी साधारण २० अंश पुरतात.

रिट्रॅक्ट इलेक्ट्रिक घेतले, ब्रेकसकट. मुख्य चाकांना सुमारे १ अंश टो-इन (पुढची बाजू किंचित आत) दिलं की धावताना विमान सरळ जातं. पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंना १२-१५ अंशांच्या पुढे वळण देऊ नका. टेकऑफच्या वेगात तेवढंही जास्त होतं, म्हणून एक्स्पो (काठी मध्याजवळ असताना हालचाल मंद करणारी ट्रान्समीटरची सेटिंग) लावावा.

आता टर्बाइन आणि पाइप. हॉकमध्ये इंजिन पंखाच्या जरा मागे आणि तिथून शेपटीपर्यंत लांब दुहेरी भिंतीचा स्टेनलेस पाइप. नोजल (इंजिनचं मागचं तोंड) आणि पाइपचं तोंड यांतलं अंतर इंजिनच्या मॅन्युअलमध्ये जे दिलं असेल तेच. अंदाजाने ठेवलं तर एकतर थ्रस्ट जातो किंवा गरम हवा इंजिनच्या खोलीत मागे फिरते. दोन्हींचा मध्य एका रेषेत यायला हवा. मी नोजलमध्ये आणि पाइपच्या मागच्या टोकात मध्यभागी भोक पाडलेल्या पुठ्ठ्याच्या चकत्या बसवून त्यांतून दोरा ताणतो. पाइप पुढच्या बाजूलाच स्क्रूने पक्का करायचा. मागे तो नुसता टेकलेला, सरकता हवा. ८०० मिमीचा स्टेनलेस पाइप ४०० अंशांनी तापला की सुमारे ५ मिमी वाढतो. दोन्हीकडे आवळला तर ती वाढ फॉर्मरवर जाते, आणि फॉर्मरचा सांधा सुटतो.

इंधनाच्या जोडणीवर मी सर्वांत जास्त वेळ देतो, कारण हवेत इंजिन बंद पडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे नळीतला बुडबुडा. या गटातलं इंजिन पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आसपास पितं. ४ लिटरची केव्हलर टाकी, तिच्यापुढे १०० मिलीचा एअर ट्रॅप (बुडबुडे अडवणारी छोटी टाकी), मग पंप, मग फिल्टर आणि व्हॉल्व्ह. सात मिनिटांच्या उड्डाणात सरासरी ०.३५ लिटर धरलं तर अडीच लिटर, वर सुरू करणं आणि टॅक्सी. लिटरभर हाताशी राहतं, म्हणजे उतरताना एकदा पुन्हा फिरून यावं लागलं तरी चिंता नाही.

पंपाच्या पुढच्या बाजूला, म्हणजे इंजिनकडे, दाब असतो. तिथे गळती झाली तर ओलं दिसतं, वास येतो. टाकीपासून पंपापर्यंतच्या ओढीच्या बाजूला मात्र दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी. तिथला सैल सांधा इंधन बाहेर टाकत नाही, हवा आत ओढतो, आणि वरून सगळं कोरडं ठणठणीत दिसतं. म्हणून ओढीच्या बाजूला सांधे कमीत कमी, नळी जाड म्हणजे ६ मिमीची, वळणं मोठी, आणि प्रत्येक निप्पलवर तारेचा वेढा. पुश-फिट जोडाची नळी नव्या ब्लेडने काटकोनात कापायची. कात्रीने कापली की तोंड चपटं होतं आणि आतली रिंग नीट धरत नाही. टाकी बसवण्यापूर्वी बाकी तोंडं बंद करून, तोंडाने हलकी हवा भरून बादलीत बुडवून बघायची. कॉम्प्रेसर लावू नका, टाकीची शिवण फाटते. टाकीच्या आतली टायगॉनची पिवळी नळी केरोसिनमध्ये हळूहळू कडक होते आणि क्लंक (नळीच्या टोकाचं, तळाशी राहणारं वजन) वर अडकून राहतो, तेव्हा ती दर हंगामाला बदलायची, आणि म्हणूनच टाकी बाहेर काढता येईल अशी बसवायची.

इंधन केरोसिन किंवा जेट ए-१, त्यात ५ टक्के टर्बाइन ऑइल: २० लिटरच्या कॅनला १ लिटर. या इंजिनाला वेगळी वंगणव्यवस्था नसते, त्याच मिश्रणाचा एक भाग बेअरिंगांना जातो. तेल विसरलं तर बेअरिंग गेलंच. चांगलं केरोसिन मिळत नसेल तर बहुतेक नव्या टर्बाइन डिझेलवरही चालतात, फक्त सुरू व्हायला जरा जड जातात. तेल हाताळताना हातमोजे घाला, ते त्वचेला चांगलं नाही. भरताना कॅनवरही फिल्टर हवाच.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये रिसीव्हरला दोन बॅटऱ्या, इंजिनच्या ईसीयूला (नियंत्रण करणाऱ्या संगणकाला) तिसरी स्वतंत्र. अँटेना एकमेकींशी काटकोनात, कार्बन आणि इंजिनपासून दूर.

रंग देण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा गुरुत्वमध्य मोजला. बोटांवर १६ किलोचं विमान तोलण्यापेक्षा तीन वजनकाटे बरे. टाकी रिकामी, एअर ट्रॅप भरलेला, चाकं खाली, फ्यूजलाज लेव्हलमध्ये. पुढच्या चाकाखाली १.९ किलो, एकूण १५.८ किलो, पुढचं आणि मुख्य चाक यांत १००० मिमी. १.९ भागिले १५.८ गुणिले १०००, म्हणजे मध्य मुख्य चाकांच्या १२० मिमी पुढे. प्लॅनवर तो १३० हवा होता. १० मिमी गुणिले १५.८ किलो म्हणजे १५८ किलो-मिमी. बॅटऱ्या मिळून ९०० ग्रॅम, त्या १७५ मिमी पुढे सरकवल्या की हिशेब जुळतो, शिशाची गरज नाही. बॅटरीचा ट्रे आधीच लांब ठेवला तरच हे शक्य होतं.

रंग लाल-पांढरा, सूर्यकिरण या भारतीय हवाई दलाच्या कसरती पथकाचा. त्यांचं हॉक एमके १३२ आहे, टी१पेक्षा अंगाने लांब, त्यामुळे जाणकाराला फरक दिसेल. दोन घटकांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग इंधनाला टिकतो, पण पातळ थरच द्या, शेपटीकडे विशेषतः.

पहिल्यांदा सुरू करताना मॉडेल मागून दोराने बांधलेलं, नाक वाऱ्याकडे. मागून वारा असेल तर गरम हवा उलटी येते आणि तापमान भडकतं. शेजारी सीओ२चं अग्निशामक, पावडरचं नको, पावडर आत गेली की इंजिन संपलं. इंधनाची नळी पहिल्यांदा भरताना ती इंजिनपासून सुटी ठेवून भरायची. लावलेली ठेवली तर कच्चं इंधन आत साठतं आणि पहिल्याच स्टार्टला पाइपातून ज्वाला निघते. तसं झालंच तर इंधन बंद, स्टार्टर फिरता ठेवायचा म्हणजे ज्वाला मागेच राहते. ती विझली नाही तर सीओ२ इंजिनच्या पुढच्या तोंडातून.

इंजिन आयडलला (सर्वांत मंद गतीला) स्थिर झालं की ट्रान्समीटर बंद करून फेलसेफ (सिग्नल तुटल्यावरची सुरक्षाव्यवस्था) बघायचं: दोन सेकंदांत इंजिन बंद झालं पाहिजे. नाही झालं तर पुढची कुठलीही चाचणी नाही. झालं की पुन्हा सुरू करून आयडल ते पूर्ण थ्रॉटल किती वेळात जातं ते मोजा. तीन-चार सेकंद लागतात, आणि लँडिंगला थ्रॉटल पूर्ण मागे का ओढायचं नाही ते या आकड्यावरून कळतं. पूर्ण थ्रॉटलला ओढीच्या नळीवर टॉर्च मारून बघायचं, एकही बुडबुडा जाता कामा नये. बंद केल्यावर ईसीयू स्वतः स्टार्टर फिरवून इंजिन १०० अंशांखाली आणतो. तोवर बॅटरी काढू नका. सगळं थंड झालं की झाकण उघडून इंजिनचा पट्टा आणि पाइपचे पुढचे स्क्रू पुन्हा आवळायचे. पहिल्या तापण्यात ते हमखास सैल पडतात.